लक्ष्मीला मारलेली हाक

दिवाळीची सुट्टी संपली, होस्टेलच्या सगळ्या मुली आपापल्या पत्र्याच्या पेट्या घेऊन परतल्या, लक्ष्मी तेवढी आली नाही. सुरुवातीला कुणाला त्याचं काही वाटलं नाही. खकनारकडची पोरं सणाला गेली की उशिराच येतात, असं शाळेत सगळे म्हणायचे. म्हणताना सूर असा, की उशीर करणं हा त्या लोकांचा धर्मच, आणि शहरातली, शनवाऱ्यातली माणसं मात्र हातात घड्याळ बांधूनच जन्माला येतात. त्याच शाळेत शिकवणाऱ्या वैजयंतीला पहिल्याच दिवशी कळलं होतं की हा उशीर नाही. का नाही, ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

शाळा सरकारी, महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या शहरातली, आठवीपर्यंतची. वर्गात हिंदी, स्टाफरूममध्ये मराठी, आणि राग आला की दोन्हींची खिचडी. या शाळेची सगळी शान एका माणसात होती, ती म्हणजे गणिताचे पंडित महाजन सर. तापीकाठच्या केळीवाल्या घरातला माणूस, आवाज खणखणीत, मिशी पिकलेली, आणि अपूर्णांक असे शिकवायचे की मठ्ठातला मठ्ठ पोरगा घरी जाऊन भाकरीचे तुकडे मोजायला लागायचा. पण गावभर नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. सर प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी एक टोपणनाव द्यायचे आणि ते नाव जन्मभर चिकटायचं. बुधवाऱ्यात मिठाईचं मोठं दुकान चालवणारा गृहस्थ आजही सरांना पाहिलं की गल्ल्यावरून उठून वाकायचा आणि म्हणायचा, "सर, ओळखलं का? तुमचा दराबा." दराबा ही इकडची तुपाळ मिठाई, आणि लहानपणी तो तसाच गोल होता, आता तर काय विचारूच नका. शाळेच्या स्नेहसंमेलनात जुनी मुलं मंचावर येऊन आपलं खरं नाव न सांगता सरांनी दिलेलं नाव सांगायची आणि टाळ्या घ्यायची. कुणी कलेक्टर, कुणी टपाल, कुणी मिरची. सर पहिल्या रांगेत बसून रुमालानं डोळे पुसायचे.

वैजयंतीलाही त्यांनी नाव दिलं होतं. तिचे वडील महाराष्ट्रातून कागदाच्या कारखान्यात नोकरीला आलेले, म्हणून ती शाळेत रुजू झाली त्याच दिवशी सर म्हणाले, "या, कागदवाली आली!" तिला ते आवडलं होतं. नव्या माणसाला कुणीतरी आपल्यात घेतलं की बरंच वाटतं. तेव्हा ही चाल वाईट आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं, हे तिच्याविषयी आधीच सांगून टाकलेलं बरं.

लक्ष्मी कास्डेकर सहावीत आली ती होस्टेलमधून. कोरकू आदिवासींची पोरगी, खकनारच्याही पुढच्या एका पाड्यावरची, काटक, सावळी, आणि पहिल्या दिवशी तरी भलतीच बोलकी. सरांनी विचारलं, "बेटा, तुम्हारे यहाँ क्या-क्या होता है?" तिनं उभं राहून मान वर करून सांगितलं, "सर, हमारे घर के पीछे महुआ है. सबसे बड़ा." तिच्या आजोबांचं मोहाचं झाड होतं ते. फुलं पडायला लागली की अख्खं घर पहाटे त्याच्याखाली असायचं. सर खूश झाले. म्हणाले, "वा! मग आजपासून तू महुआ." मागच्या बाकावरून कुणीतरी मोहाची दारू प्यायल्यासारखं डुलून दाखवलं आणि वर्ग फुटला. सरही हसले. लक्ष्मी क्षणभर थांबली आणि मग तीही हसली.

त्यानंतर ती महुआच झाली. डुलकी लागली की सर म्हणायचे, "काय, महुआ चढली का?" गणित बरोबर आलं की म्हणायचे, "अरे वा, आज महुआ उतरली!" खेळाचे भूपेंद्र सर दर पंधरा ऑगस्टला तिला पानांचा घागरा घालून नाचात पहिली उभी करायचे, कारण 'तुमच्या तर रक्तातच असतं.' पोषण आहार वाढणारी बाई 'महुआला दोन पोळ्या जास्त, जंगलात कुठं मिळतात' असं मायेनं म्हणायची. माया खरी होती, त्यात खोट नव्हती. म्हणूनच तर ती धरता येत नव्हती. कुणी मारत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं, कुणी वेगळं बसवत नव्हतं. फक्त जो तो हसत हसत तिला रोज एकदा तिच्या पाड्यावर नेऊन सोडत होता.

वैजयंतीच्या लक्षात आलं ते त्या हसण्यामुळे. लहानपणी कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेत तिच्या हिंदीची नक्कल करून दाखवणारे एक गुरुजी होते. सगळा वर्ग हसायचा आणि वैजयंतीही हसायची, फक्त जरा उशिरा. आधी एक क्षण थांबायचं, चेहरा सावरायचा, मग हसायचं. तोच थांबलेला क्षण तिनं लक्ष्मीच्या चेहऱ्यावर पाहिला आणि तिला एकदम वर्गात उभं राहवेना. त्या दिवसापासून तिनं ठरवलं की आपण हिला लक्ष्मीच म्हणायचं. म्हणायचीही. पण खरं सांगायचं तर मनात आधी महुआ यायचं, ते मागं ढकलून मग तोंडातून लक्ष्मी बाहेर पडायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असंही तिला वाटलं नाही.

मग ते प्रशिक्षण आलं. आदिवासी मुलांशी वर्गात बोलताना काय सांभाळावं, कोणते शब्द बोचतात, सहकाऱ्यांना ते कसं समजवावं, असा विषय होता. सरकारी प्रशिक्षणाला नेहमी सगळ्यात नव्या माणसाला पाठवतात, कारण जुन्यांना सगळं आधीच येत असतं. वैजयंती गेली आणि तिथून ताप चढल्यासारखी होऊन परतली. तिथल्या बाईंनी एक वाक्य सांगितलं होतं, मूल हसलं म्हणजे त्याला आवडलं असं समजू नका. ते वाक्य घेऊन ती परत आली ती थेट लक्ष्मीला शोधायला गेली. लक्ष्मी नळावर डबा धूत होती. वैजयंतीनं विचारलं आणि पोरगी आधी नाही नाही म्हणाली. मग डबा घासता घासता, मान वर न करता हळूच म्हणाली, "मॅडम, आप सर को बोलो ना, वो नाम मत बोला करो. लेकिन मैंने बोला ऐसा मत बताना. सर अच्छे हैं. उनको बुरा लगेगा."

"नाही सांगणार," वैजयंती म्हणाली. "तुझं नाव कुठंच येणार नाही."

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बैठक ठरली. प्रशिक्षणाहून आलेल्यानं बाकीच्यांना सांगायचं, असा नियम. मुख्याध्यापिका चारुलता मॅडमनी पोहे मागवले होते आणि सणाच्या निमित्तानं सरांनी बुधवाऱ्यातून मावा जिलेबी आणली होती. असल्या विषयासाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. तोंडात जिलेबी असताना कुणाला आपलं चुकतं असं वाटत नाही.

वैजयंतीनं तयारी केली होती. ती म्हणाली की आपण प्रेमानं बोलतो, पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं तेही बघावं. भूपेंद्र सर म्हणाले, "मॅडम, हे प्रशिक्षण माझ्या सासूलाबी द्या," आणि सगळे हसले. ती म्हणाली की शहरातल्या मुलांची नावं त्यांच्या स्वभावावरून पडतात आणि तिकडच्या मुलांची ती कुठून आली त्यावरून, हा फरक बघा. चारुलता मॅडम म्हणाल्या, "वैजयंती मॅडम, तुम्ही फार सोचता. टेन्शन नका घेऊ." पंडित सर मात्र हसत नव्हते. त्यांच्या हातातली बशी तशीच राहिली होती.

"म्हंजे महुआबद्दल बोलू राह्यली तू," ते म्हणाले.

"सगळ्यांबद्दल, सर."

"नाही, महुआबद्दल. मी त्या पोरीले वाईट बोलतो, असं तुले म्हनायचंय. पस्तीस वर्षं झाली मले शिकवताना. एक पोरगं दाखव, जे म्हनंल की पंडित सरानं माझं मन दुखवलं. एक."

सगळे तिच्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती. कीव तिला सहन झाली नाही. ती बोलून गेली, "लक्ष्मीनं स्वतः सांगितलंय मला."

वाक्य तोंडातून सुटलं आणि आपण काय केलं ते तिला कळलं. पण सुटलेलं वाक्य काही परत येत नाही.

सरांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "तिनं सांगितलं?" ते म्हणाले. मग उठून दाराशी गेले आणि होस्टेलच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलींकडे बघून त्यांनी हाक मारली, "महुआ! बेटा, जरा इधर आना."

त्या वेळी वैजयंतीनं उठून दार लावायला हवं होतं. निदान 'सर, इथं नको, सगळ्यांसमोर नको' एवढं तरी म्हणायला हवं होतं. तिनं नंतर हजार वेळा मनात ते म्हटलं. तेव्हा ती खुर्चीत बसून राहिली, आणि त्याचं कारण फार लाजिरवाणं होतं. तिला वाटलं, पोरगी येईल, खरं सांगेल, आणि आपण जिंकू.

लक्ष्मी आली. दप्तर पाठीला, सुट्टीला घरी जायचं म्हणून दोन घट्ट वेण्या. टेबलावर पोहे, जिलेबी, चहाचे कप, आणि सभोवती सगळे गुरुजन. सरांनी अगदी प्रेमानं विचारलं, आणि त्या प्रेमानंच घात केला. "बेटा, मैं तुमको महुआ बोलता हूँ, तो बुरा लगता है क्या? सच बताना. डरना नहीं."

लक्ष्मीनं वैजयंतीकडे पाहिलं. फक्त एकदा. त्या नजरेत ओरडा नव्हता, आश्चर्यही नव्हतं. जे होणारच होतं ते झालं, एवढंच होतं.

"नहीं सर," ती म्हणाली.

"तुमने मॅडम को बोला था?"

ती क्षणभर थांबली आणि हसली. "नहीं सर. मैंने कुछ नहीं बोला."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. भूपेंद्र सर म्हणाले, "झालं? खल्लास." चारुलता मॅडमनी तिच्या हातावर जिलेबी ठेवली. सरांनी तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. वैजयंती खोटी ठरली, त्याचं काही नाही. एका पोरीला सगळ्यांसमोर उभं करून तिच्याचकडून तिचं दुःख नाही म्हणवून घेतलं, आणि वर गोड खायला दिलं. जिलेबीचा पाक मनगटावरून ओघळत होता आणि ती खातही नव्हती, टाकतही नव्हती. तशीच ती बसकडे गेली.

आणि मग ती आलीच नाही.

शाळा सुरू झाली त्या दिवशी हजेरी घेताना सर म्हणाले, "महुआ अजून उतरली नाही वाटतं," आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव घेतलं आणि पुढे काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात तर त्या नावापाशी आले की थांबायचे, खिडकीबाहेर बघायचे, मग पुढचं नाव घ्यायचे. वैजयंतीनं होस्टेलमध्ये खेटे घातले. अधीक्षिका रंभाबाई शुक्रवारी तिला म्हणाल्या, "मॅडम, सोमवारी नाव काटावं लागतं मले. रांगेत किती पोरी हायेत. आन् तिचा बाप मोतीराम ऊसतोडीले चालला महाराष्ट्रात, घरच्यायले घेऊन. रविवारी गाडी भरते त्याची. एकदा का गाडीत बसली पोरगी, मंग कुठली आठवी न् कुठली परीक्षा. होळीलेच येतीन ते, आन् पुढच्या साली लगीन."

वैजयंतीनं फोन लावून पाहिला. मोतीरामचा नंबर लागत नव्हता. त्या बाजूला रविवारी बस नव्हती. ती स्टाफरूममध्ये डोकं धरून बसली होती तेव्हा पंडित सर आत आले. बैठकीनंतर ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. ते दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "माही गाडी हाय. परवा सकाळी शनवारा दरवाज्यापाशी उभी राह्य."

रविवारी ते सरांच्या मोटारसायकलवर निघाले. शहर सुटलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या, घड निळ्या पिशव्यांत बांधलेले. सर सवयीनं बागांकडे बघत होते. खकनारच्या अलीकडे रस्ता विचारायला त्यांनी गाडी थांबवली आणि कडेनं चाललेल्या एका माणसाला हाक मारली, "ओ मामा!" आपल्याकडे आदिवासी माणूस दिसला की त्याला मामा म्हणायची रीत आहे. ऐकायला नातं वाटतं, पण म्हणणारा कधी त्याचं नाव विचारत नाही. हाक मारली आणि सरांच्या स्वतःच्याच कानाला ती खटकली असावी. ते थोडे चपापले. त्या माणसानं रस्ता दाखवला. गाडी पुढे निघाली.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मले एक सांग. मी तिले नाव दिलं. त्याच्या आधी त्या वर्गात तिले कोन ओळखत व्हतं?"

"तिला नाव होतं, सर."

"हाय माहीत." मग वारा कानात घोंगावत राहिला. एका चढावर गाडी हळू झाली तेव्हा ते पुन्हा बोलले. "खरं सांगू तर तिचं नाव मले पटकन आठवत नाही. हजेरीत पाह्यलं की आठवतं. रात्रभर मी तेच घोकू राह्यलो, लक्ष्मी, लक्ष्मी. या वयात."

वैजयंतीला त्यांची दया आली. दयेच्या खाली थोडा अभिमानही होता, की आपल्याला तरी तिचं नाव घोकावं लागत नाही. ती म्हणाली, "तिथं गेल्यावर तुम्ही पुढे येऊ नका, सर. तुम्हाला बघून ती पुन्हा नाही म्हणेल. मी एकटी बोलते." सरांनी मान हलवली. शाळेत ज्याच्या शब्दाबाहेर कुणी गेलं नाही, तो माणूस लहान मुलासारखा हो म्हणाला.

पाड्यावर पोचले तेव्हा ट्रक भरत आला होता. भांडी, गोधड्या, चुलीची लाकडं, एक बांधलेली शेळी, आणि त्यावर माणसं. मागचा फाळका खाली सोडलेला होता आणि बाया एकमेकींना हात देत वर चढत होत्या. ड्रायव्हर घाई करत होता. सर हँडपंपापाशी गाडी लावून तिथेच थांबले. वैजयंती धावत गेली.

मोतीराम खाली उभा राहून दोरी आवळत होता. मॅडमला पाहून त्यानं हातातली दोरी सोडली, हात पुसले आणि नमस्कार केला. तिनं भडाभडा सगळं सांगितलं, सोमवार, होस्टेल, आठवीची बोर्डाची परीक्षा. मोतीराम शांतपणे ऐकत होता.

"मॅडम, हमने नहीं रोका," तो म्हणाला. "मैं तो चाहता हूँ पढ़े. वो ही बोलती, नहीं जाना. क्यों नहीं जाना, वो बोलतीच नहीं. माँ ने पूछा, दादी ने पूछा. स्कूल में किसी ने मारा क्या, पूछा. बोलती, सब अच्छे हैं."

"मला तिच्याशी बोलू द्या. एकटीशी."

"लेके जाओ ना," तो म्हणाला. "उसका मन हो तो अभी लेके जाओ. उसका सामान अलग ही बाँधा है माँ ने. उसकी माँ को भी लगता था, कोई आएगा."

कोई आएगा. मोतीरामनं ट्रककडे तोंड करून कोरकूत काहीतरी म्हटलं. गोधड्यांच्या ढिगाआडून लक्ष्मीनं मान वर काढली. अंगात शाळेचा स्वेटर होता. तिनं मॅडमना पाहिलं. वैजयंतीनं तिथूनच दोन्ही हात जोडले. एका शिक्षिकेनं आठवीतल्या पोरीपुढे भर पाड्यात हात जोडले आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. लक्ष्मी बघत राहिली. मग तिनं खाली वाकून आपली पेटी ओढली.

ती येत होती. पेटी कडेवर घेऊन, बसलेल्या बायांच्या मांड्यांवरून पाय टाकत ती फाळक्याकडे येत होती, आणि वैजयंतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता एवढा फाळका उतरली की झालं. बाकी सगळं आपण निस्तरू, माफी मागू, सरांशी बोलू, अख्ख्या स्टाफशी भांडू. फक्त एवढी खाली येऊ दे.

ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं. त्यानं गाडी सुरू केली आणि वळवायला म्हणून झटक्यात पुढे घेतली. लक्ष्मीचा एक पाय फाळक्यावर होता. पेटीचं ओझं पुढे गेलं, ती तोल जाऊन झुकली. वैजयंती जिवाच्या आकांतानं ओरडली.

"महुआ! महुआ, सांभाळ!"

लक्ष्मीनं साखळी धरली. पेटी तेवढी खाली पडून उघडली, ती पडली नाही. ट्रक थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आणि तेव्हा वैजयंतीला आपलाच आवाज पुन्हा ऐकू आला.

ट्रकवरचं एक लहान पोरगं म्हणालं, "महुआ?" त्यानं लक्ष्मीकडे बोट दाखवलं, दारूड्यासारखी मान डोलवली आणि खिदळलं. दुसरं पोरगं खिदळलं. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. हे नाव इथं कुणाला माहीत नव्हतं. लक्ष्मीनं ते शहरातच ठेवलं होतं. आईलाही सांगितलं नव्हतं, बापालाही नाही. या एवढ्या जागेत ती अजून लक्ष्मी होती, आणि तेही वैजयंती गाडीवर बसून, रस्ता विचारत विचारत, इथपर्यंत येऊन संपवून बसली होती.

मोतीराम तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. "मॅडम," त्यानं हळू आवाजात विचारलं, "लड़की को ऐसा बोलते क्या उधर?"

वैजयंतीनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही.

मोतीरामनं खाली सांडलेले कपडे, कंपासपेटी, एक आरसा गोळा करून पेटीत भरला आणि पेटी वर दिली. मग सगळ्यांसमोर, अगदी प्रेमानं, त्यानं पोरीला विचारलं, "लछमी, जाना है क्या मॅडम के साथ? तू बोल."

तिला इथं विचारू नका, वैजयंतीला म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर विचारू नका, खाली घ्या, बाजूला घ्या, झाडाखाली न्या आणि मग विचारा. या वेळी तिनं ते खरंच म्हटलं, पण घशातून नुसती हवा आली.

लक्ष्मी क्षणभर थांबली. तिनं चेहरा सावरला आणि ती हसली.

"नहीं," ती म्हणाली. "मैं इधरिच ठीक हूँ."

फाळका वर चढला, साखळ्या अडकवल्या गेल्या. ट्रक हलला तेव्हा हँडपंपापासून पंडित सर धावत आले. धोतर सावरत, चपला सटकवत, धुळीत धापा टाकत ते ट्रकमागे धावले आणि ओरडत राहिले, "लक्ष्मी! ए लक्ष्मी बेटा! लक्ष्मी!" एकदाही चुकले नाहीत. पण इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. ट्रकवरच्या पोरांना नवा खेळ सापडला होता. वळणापर्यंत ती एका सुरात महुआ, महुआ ओरडत गेली, आणि त्यांच्यात बसून लक्ष्मीही हसत होती.